धूर खाणारी घरं

दोस्तांनो, तुम्ही संग्रहालय पाहिलंच असेल. काचेच्या कपाटात नाणी, तलवारी, मूर्ती, जुनी भांडी आणि शेजारी पाटी, 'हात लावू नये'. पण समजा, एखादं अख्खं घरच जपून ठेवायचं झालं तर? त्याच्या मापाचं कपाट आणणार कुठून?

जपानमधल्या कावासाकी शहरानं यावर सोपा तोडगा काढला. कपाटच नको! एक झाडीनं भरलेली टेकडी निवडली आणि देशाच्या वेगवेगळ्या भागांतली जुनी घरं आणून तिच्यावर उभी केली. १९६७ साली हे संग्रहालय सुरू झालं. त्याचं नाव 'निहोन मिन्का-एन'. निहोन म्हणजे जपान, मिन्का म्हणजे साध्या माणसांची घरं आणि एन म्हणजे बाग. थोडक्यात, घरांची बाग!

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनातून ओदाक्यू लाइनची गाडी पकडायची, मुकोगाओका-यूएन स्टेशनवर उतरायचं आणि पंधराएक मिनिटं चालायचं. बाहेर सिमेंटच्या इमारती, आगगाड्या, गर्दी. फाटकातून आत गेलात की गवतानं शाकारलेली भलीमोठी छपरं, पाणचक्की आणि मातीची पायवाट. इथं राजवाडा शोधू नका. इथं शेतकऱ्याचं घर आहे, मासेमारी करणाऱ्यांच्या म्होरक्याचं घर आहे आणि घोड्यांचे व्यापारी मुक्काम करायचे ते घरही आहे.

चला, एकेका घरात डोकावू. पहिलं घर किताम‍ुरा कुटुंबाचं. त्याच्या खांबाच्या सांध्यात, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, शाईनं लिहिलेलं साल सापडलं. ते होतं १६८७. म्हणजे आपल्याकडं छत्रपती संभाजी महाराज राज्य करत होते, त्या काळात तिकडं सुतारांनी हे घर उभं केलं. बैठकीच्या खोलीत जमिनीवर बांबू अंथरलेले आहेत.

आता उत्तरेकडच्या इवाते भागातलं कुदो कुटुंबाचं घर पाहा. ते काटकोनात वळलेलं आहे. एका बाजूला माणसं राहायची आणि वळलेल्या बाजूला घोडे. तिकडं थंडी कडाक्याची. चुलीची ऊब घोड्यांनाही मिळावी आणि घोड्यांवर रात्रंदिवस नजरही राहावी, म्हणून दोघं एकाच छपराखाली. दक्षिणेकडच्या ओकिनोएराबु बेटावरून आणलेलं धान्याचं कोठार तर चक्क खांबांवर उभं आहे. खाली ओल लागत नाही आणि उंदरांना वर चढणं अवघड जातं. तुमच्या लक्षात आलं ना? ज्या गावची जशी हवा, तसं तिथलं घर.

पण ही घरं आपापल्या गावातून निघाली का? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये कारखाने झपाट्यानं वाढले. तरुण पोरं शहरात गेली. मागं राहिलेल्यांना नवी, सोयीची घरं हवीशी वाटू लागली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शोकावा नदीच्या खोऱ्यात तर १९६१ साली मिबोरो धरण पूर्ण झालं आणि गावंच पाण्याखाली गेली. तिथलं एक घर योकोहामाच्या सांकेइएन बागेत आणि दुसरं ताकायामा शहरात हलवलं, म्हणून ती दोन वाचली.

घर हलवायचं म्हणजे काय करायचं? आधी मोजमापं घ्यायची, नकाशे काढायचे, फोटो काढायचे. मग प्रत्येक तुळई, प्रत्येक खांब, प्रत्येक फळी यांना क्रमांक देऊन घर उतरवायचं. लाकडं एकमेकांत खाचा करून बसवलेली असल्यामुळं ती सुटी करता येतात. कुजलेला तेवढाच भाग बदलायचा आणि नव्या जागी सगळं पुन्हा जुळवायचं.

आता वर मान करून बघा. समोर आहे उंच, उताराच्या छपराचं घर. नमस्कार करताना आपण हात जोडतो ना, तस्सा त्याचा आकार. म्हणूनच अशा घरांना 'गाश्शो-झुकुरी' म्हणतात. गाश्शो म्हणजे हात जोडणं. डोंगरातल्या शिराकावा आणि गोकायामा भागातली ही घरं. तिथं बर्फ इतका पडतो की छप्पर सपाट असतं तर वजनानं खाली बसलं असतं. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. लाकडं पेंढ्याच्या दोरांनी आणि पिळलेल्या ओल्या फांद्यांनी बांधलेली. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळायचे. गोकायामात तर जमिनीखाली खड्ड्यात माती, गवत आणि किड्यांची विष्ठा कुजवून सोरा काढायचे. हा सोरा बंदुकीच्या दारूसाठी लागायचा. एकाच घरात वर रेशीम आणि खाली दारूगोळ्याचा माल!

घराच्या मध्यभागी जमिनीत चौकोनी खळगा आहे. ही 'इरोरी', म्हणजे चूल. वरून टांगलेल्या आकड्याला किटली अडकवलेली. धुराडं कुठंच नाही. धूर माळ्यांमधून वर चढतो आणि छपरातल्या गवतातून हळूहळू बाहेर पडतो. काळ्याकुट्ट तुळया पाहून कुणी म्हणेल, किती ही काजळी! पण हाच धूर गवताची ओल घालवतो, कीड पळवतो आणि दोर, लाकडं टिकवतो. चूल विझली की ओल शिरते, किडे येतात आणि छप्पर कुजू लागतं.

आता सांगा, ज्या घरात कुणी राहतच नाही, तिथं चूल पेटवणार कोण? मिन्का-एनमध्ये हे काम स्वयंसेवक करतात. ठरावीक घरांतल्या चुली ते पेटवतात, लाकडं सारतात, धुरानं डोळे चोळतात. तुम्ही गेलात तर बूट काढून वर जा आणि चुलीपाशी बसा. इथं 'हात लावू नये' असं म्हणून भागत नाही, कारण घर नुसतं बंद करून ठेवलं तर ते मरतं.

शिराकावात आजही अशा घरांत लोक राहतात. १९९५ साली शिराकावा आणि गोकायामा इथली गावं जागतिक वारसा ठरली. तिथं गवत बदलायची वेळ आली की शेजारीपाजारी जमतात आणि मिळून छप्पर शाकारतात. या रिवाजाला 'युइ' म्हणतात. आज तुमच्या छपरावर मी, उद्या माझ्या छपरावर तुम्ही. टेकडीवरच्या त्या बागेत घरं आली, पण त्यांचे शेजारी काही येऊ शकले नाहीत. ते क्रमांक घालून आणता येत नाहीत ना!

तुमच्या गावात किंवा आजोळी एखादं जुनं घर असेल, तर येत्या सुट्टीत वही घेऊन जा. पावलांनी मोजून नकाशा काढा. खांब कशाचे, छप्पर कशाचं, धूर कुठून जातो, कोणती खोली कशासाठी, ते आजीला विचारून लिहा. जमलं तर प्रत्येक खोलीत एक क्रमांकही घाला. आणि ते घर कुलूप लावून बंद असेल, तर मोठ्यांना घेऊन ते उघडा, खिडक्या सताड मोकळ्या करा आणि दिवसभर तिथं दंगा करा. घराला तेवढंच बरं वाटेल.