थकलेला पोलीस आणि आम्ही

आम्ही घाटकोपरच्या चिरागनगरातले. आमच्याकडे पोलिसांच्या मालिका चवीने पाहिल्या जातात, पण खरा पोलीस दारात आला की घर गप्प होते. पासपोर्टच्या चौकशीला आलेला हवालदार असला तरी अम्मी आधी कागदांची पिशवी शोधते, मग त्याला पाणी विचारते. पडद्यावरचा पोलीस आपला आणि दारातला परका, असे का? ‘सेक्रेड गेम्स’ पाहताना हा प्रश्न आम्हाला टाळता आला नाही.

नेटफ्लिक्सवर २०१८च्या जुलैत आलेली ही मालिका विक्रम चंद्रा यांच्या २००६च्या कादंबरीवर बेतलेली आहे. सैफ अली खानने साकारलेला सरताज सिंग हा मुंबईचा पोलीस अधिकारी पार खचलेला आहे. संसार मोडलेला, मन ताळ्यावर ठेवायला गोळ्या लागणारा. ‘सीआयडी’तल्या एसीपी प्रद्युम्नवर वाढलेल्या आम्हाला असा पोलीस टीव्हीवर नवा होता. सिनेमात मात्र तो आधीच येऊन गेला होता. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ काढला, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला वेलणकरही आतून असाच पोखरलेला.

अशा माणसाची कीव येते आणि ती यावीच. विसर्जन असो, ईदचा जुलूस असो की निवडणूक, बंदोबस्ताचा शिपाई आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या डबा खाताना पाहिला आहे. बारा-बारा तासांची ड्यूटी त्याच्या पाचवीला पुजलेली. २०१६ साली शेजारच्या देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. ती सुचवली होती त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने. पुढे ती मुंबईतल्या इतर ठाण्यांतही नेली गेली. थकव्यावर असा साधा इलाजही असतो, हे मालिका सांगत नाहीत.

पण ‘सेक्रेड गेम्स’मध्ये एक जुनैदही आहे. नि:शस्त्र मुसलमान पोरगा. वरिष्ठ अधिकारी पारुलकर त्याला गोळी घालतो आणि सरताजने खोटी साक्ष द्यावी म्हणून दबाव येतो. त्या वेळी आमच्या खोलीत कोणी कोणाकडे पाहिले नाही. सरताजची तगमग आम्ही तासन् तास पाहतो. जुनैदच्या घरचे काय झाले, यासाठी मालिकेकडे तेवढा वेळ नाही.

आम्हा घाटकोपरवाल्यांना तिथे दुसरे एक नाव आठवते. २००२च्या डिसेंबरात इथे बसमध्ये स्फोट झाला. त्या तपासात पकडलेला परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस २००३च्या जानेवारीत कोठडीतून नाहीसा झाला. तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. पुढे सीआयडीच्या तपासातून तो कोठडीतच मेल्याचे समोर आले आणि चार पोलिसांवर खटला उभा राहिला. निलंबित झालेले ते चौघे २०२०मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले. वीस वर्षे उलटली तरी खटल्याचा निकाल लागला नव्हता. त्याची आई मात्र वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. थकवा तिलाही आलाच असेल. तिच्यासाठी आठ तासांची पाळी कोण ठरवणार?

म्हणून सरताज आम्हाला आवडला तो गोळ्या खातो म्हणून नव्हे. जुनैदच्या बाबतीत काय खरे घडले हे त्याला ठाऊक आहे आणि तेच त्याला झोपू देत नाही, म्हणून. पोलिसाला विश्रांती मिळावी, रजा मिळावी, मुलांच्या शाळेत जायला वेळ मिळावा, ही आमचीही मागणी आहे. पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर थकलो होतो हे उत्तर चालणार नाही. तिथे त्याने जे पाहिले तेवढेच सांगावे. असे सांगणारे चार जण निघाले, तर दारात हवालदार आला की अम्मी आधी पाणी विचारेल. कागद मागाहून काढेल.