पिडी म्हणजे मूठ

आमच्या घरात पिडी कोळुकट्टै केली की ती कुणी वळली हे ताटात बघूनच ओळखू यायचं. मोदकाचं नटणं तिच्यात नाही. तांदळाच्या कण्यांचा उप्पुमा शिजवायचा, कोमट असताना मुठीत धरून दाबायचा आणि बोटांच्या खुणांसकट वाफेवर ठेवायचा. अम्मांच्या खुणा खोल आणि सरळ. माझ्या उथळ, शेवटी एका बाजूला झुकलेल्या. लहानपणी माझी करंगळी दारात सापडली होती, ती अजून पुरती वळत नाही.

१९९६ साली लग्न होऊन मी चिपळूणहून मद्रासला आले. त्याच वर्षी मद्रासचं चेन्नई झालं, त्यामुळे पोरगी नेमकी कुठे दिली यावरून माहेरी बरेच दिवस थट्टा चालायची. पश्चिम माम्बलममधलं दोन खोल्यांचं घर. सासूबाईंना तमिळखेरीज दुसरी भाषा येत नव्हती आणि मला तमिळ येत नव्हतं. नवरा कामावर गेला की संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी आणि स्वयंपाकघर.

पहिल्या विनायक चतुर्थीला मी मोठ्या उमेदीने उकडीचे मोदक केले. कळ्या अशा पाडल्या की माझ्या आईनेही नाव ठेवलं नसतं. अम्मांनी एक मोदक हातात घेऊन फिरवून पाहिला, मान हलवली आणि उरलेल्या उकडीच्या बोराएवढ्या गोळ्या वळायला बसल्या. त्या वाफवून मोहरी, उडीदडाळ, हिंग आणि कढीपत्त्याच्या फोडणीत परतल्या. अम्मिणी कोळुकट्टै. माझ्या मोदकांच्या आधी त्या गोळ्या संपल्या, हे मी बरीच वर्षं विसरले नाही.

पिडी कोळुकट्टैला मात्र सण लागत नाही. आमच्या घरी अमावास्येच्या रात्री भात शिजत नाही, पण फोडलेला तांदूळ चालतो. दोन वाट्या तांदूळ धुऊन पंचावर पसरायचे. सुकले की दोन चमचे तूरडाळ, चमचाभर मिरी आणि तेवढंच जिरं घालून रव्यासारखे भरड काढायचे. खोबरेल तेलाची फोडणी, त्यात सुक्या मिरच्या आणि हरभऱ्याची डाळ, मग अडीचपट पाणी, मीठ आणि मूठभर ओलं खोबरं. पाण्याला उकळी आली की भरड सोडायची आणि हलवत राहायचं. पाणी आटलं की मंद आचेवर झाकण. कास्याच्या भांड्याच्या तळाशी धरते तिला तमिळमध्ये कांदल म्हणतात. ती आपली खरवड. अम्मा ती उलथन्याने खरवडून न बोलता माझ्या हातावर ठेवायच्या. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे हे मला तेवढ्यावरूनच कळायचं.

अवघड भाग त्यानंतरचा. उप्पुमा फार गरम असेल तर हाताला चिकटतो. पार निवला तर कोरडा पडतो आणि वळताना चिरा जातात. मधली वेळ थोडी असते. त्या वेळात सगळं घाणं मुठीत घालून दाबायचं. पिडी म्हणजे धर, आणि पिडी म्हणजे मूठभरही. आपण मुटके म्हणतो, तसंच. हा शब्द कळला तेव्हा मला एकदम घरातलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं होतं.

पण मूठ माझी होती आणि ती अम्मांना पटत नव्हती. मी वळलेली प्रत्येक कोळुकट्टै पात्रात ठेवण्याआधी त्या उचलायच्या, एकदा दाबायच्या आणि मग ठेवायच्या. रागाने नाही, बोलून दाखवून नाही. माझ्या खुणांवर त्यांच्या खुणा. पंधरा वर्षं. नवऱ्याला मी एकदा रडून सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘अगं, चवीत काय फरक पडतो?’’ चवीचा प्रश्नच नव्हता.

तीन वर्षांपूर्वी अम्मांना झटका आला. बोलणं दोन महिन्यांत परतलं, उजवा हात परतला नाही. फिजिओथेरपिस्टने दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी दोन दिवस हातात घेतला आणि मग खाटेखाली सरकवून दिला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्या येऊन बसत, आत येत नसत.

एका अमावास्येला मी उप्पुम्याची परात उचलून त्यांच्यासमोर ठेवली. त्या बराच वेळ परातीकडे बघत राहिल्या. मग डाव्या हाताने थोडा उप्पुमा उजव्या हातात ठेवला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्धी मिटली. डाव्या हाताने त्यांनी ती वरून आवळली. जे झालं ते ताटात ठेवलं. एक करायला दोन-तीन मिनिटं लागत होती. तोवर माझ्या पुढ्यातला उप्पुमा निवत चालला होता. सात झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘पोदुम.’’ पुरे.

ती सात मी हातात घेतली तेव्हा कळलं की ती सैल आहेत. वाफेवर फुटणार. एकदा दाबलं असतं तर टिकली असती, हे मला त्यांनीच शिकवलेलं. माझा हात उचलला गेलाही. पण त्या बघत होत्या. पंधरा वर्षं ज्याने माझा जीव दुखावला, ते मी त्यांच्या आजारी हाताला करणार नव्हते. दाबली नाहीत. आहे तशी पात्रात ठेवली. मनातल्या मनात मी स्वतःला मोठीही समजले असेन.

पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तर सातातली पाच विस्कटलेली. मी ती तशीच ताटलीत काढली, बाजूला वांग्याचं गोत्सु वाढलं. अम्मांनी एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘फुटणार हे दिसत होतं ना? मग दाबली का नाहीस?’’

मला ना तमिळमध्ये उत्तर सुचलं, ना मराठीत. त्यांच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता, उपकारही नव्हता. एक साधी चूक माझ्या हातून झाली होती, तिची त्या चौकशी करत होत्या. त्यांच्या लेखी कोळुकट्टै टिकली पाहिजे, एवढंच होतं. कदाचित पहिल्यापासून एवढंच होतं. कदाचित नव्हतं, आता विचारून काय करायचं?

हल्ली अमावास्येला आम्ही समोरासमोर बसतो. त्या एक करतात आणि ताट माझ्याकडे सरकवतात. मी ती घेते, माझ्या वाकड्या करंगळीसकट एकदा घट्ट दाबते आणि पात्रात ठेवते. त्या बघतात, काही बोलत नाहीत. गोत्सुत चिंच जास्त झाली, तर मात्र बोलतात.