क्विंटलभर कोळसा

चंद्रपूरकडच्या खाणपट्ट्यात लहानपण गेलं की कोळसा हा वेगळा काही विषय राहत नाही. दोरीवरच्या बनियनवर, नखांत, पावसाळ्यात रस्त्यावरच्या चिखलात, सगळीकडे तोच. वडील खाणीत होते. तीन पाळ्यांचा भोंगा व्हायचा आणि त्यावर वस्तीतली जेवणं, झोपा, भांडणं सगळं लागलेलं असायचं. दुपारी ब्लास्टिंग झालं की मांडणीवरच्या पितळी ताटल्या किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे, आम्ही वरणभात पुढे चालू ठेवायचो.

परसात पत्र्याखाली घरच्या जळणाचा ढीग असायचा. मोठी ढेकळं हातोडीने फोडायची हे मुलांचं काम. फोडताना उडालेला चुरा आई वाया जाऊ द्यायची नाही. त्यात माती आणि शेण कालवून ती गोळे वळायची आणि उन्हात मांडून ठेवायची. सिगडी म्हणजे जुन्या बादलीला खाली जाळी बसवलेली आणि आतून माती लिंपलेली. तळाला गोवरीचे तुकडे, त्यावर लाकडाच्या ढलप्या, रॉकेलचा बोळा आणि वरून कोळसा. पेटवली की पिवळसर, घशात उतरणारा धूर निघायचा. थंडीत सकाळी अख्खी चाळ त्या धुरात बुडालेली असायची. धूर सरून निखारे तांबडे झाले की मगच सिगडी घरात यायची, आणि निजायच्या खोलीत तर कधीच नाही. दारं लावून उबेला झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, असं दर हिवाळ्यात कुठून तरी कानावर यायचं. त्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. नाव माहीत नसलं तरी आई त्याला पुरती ओळखून होती.

आजीला मात्र दगडी कोळसा शेवटपर्यंत पटला नाही. पोळ्या करा, पाणी तापवा, पण भरताचं वांगं त्यावर भाजायचं नाही, वास लागतो. त्यासाठी तुराट्यांचाच जाळ हवा. चवीपुरतं बोलायचं तर आजीचं बरोबर होतं. बाकी तुराट्या काय आणि कोळसा काय, दोन्हींत साठलेलं ऊन एकच. एक गेल्या मोसमातलं, दुसरं पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचं.

वडिलांनी एकदा पाटीएवढी करडी चीप घरी आणली होती. कोळशाच्या दोन थरांमधला तो चिखलाचा दगड. त्यावर जिभेसारख्या लांबट पानाचा ठसा होता. मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्ही अंगांना जाळं विणल्यासारख्या बारीक शिरा. बोट फिरवलं तर मधली शीर हाताला लागायची. ही चीप बरेच दिवस लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून होती. झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

ते जंगल कसल्या हवेत वाढलं असेल? आमच्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो, डांबर चपलेला चिकटतं. पण चंद्रपूरजवळ इरई गावापाशी भूवैज्ञानिकांना हिमनद्यांनी घासलेला, ओरखडे उठलेला चुनखडीचा कातळ सापडला. त्या काळी हा सगळा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन या महाखंडात होता. बर्फ वितळलं, मागे दलदली राहिल्या आणि त्यांत ही झाडं वाढली. ती ऋतूनुसार पानं गाळत. पानं आणि खोडं साचलेल्या पाण्यात पडत, तिथे प्राणवायू पोहोचेना, म्हणून ती पुरती कुजेनात. जमीन खचत गेली, नद्या वरून गाळ आणि वाळू लोटत राहिल्या. दाबाने पाणी निघालं, उष्णतेने वायू निघाले, मागे मुख्यतः कार्बन उरला. जंगलाबरोबर चिखलही त्यात मिसळला. आपल्या कोळशात राख फार, ही आईची रोजची तक्रार, तिचं मूळ तिथे आहे.

मग घरी गॅस आला. सिगडी आधी अंगणात आणि नंतर भंगारात गेली. मीही नोकरीसाठी पुण्याला आलो. इथल्या स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या आहेत, भांड्याच्या बुडाला काजळी नाही. कोळशाशी आपला संबंध संपला, असं कुणालाही वाटावं. एका संध्याकाळी विजेचं बिल हातात घेऊन मी सहज हिशेब मांडला. कोळशावरच्या केंद्रात एक युनिट वीज बनवायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. आमचा महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आसपास. देशातली बहुतांश वीज अजून कोळशाचीच, तेव्हा सगळी तिथलीच धरली तर झाला क्विंटलभर. त्यातली तीसेक किलो राख. आईने ती रोज सुपात भरून उकिरड्यावर नेली असती. माझी राख मी पाहिलेलीही नाही, आणि ती जिथे पडते तिथल्या लोकांना माझा पत्ता माहीत नाही. एवढ्या सोयीचा व्यवहार जगात दुसरा नसेल.

गावी अजून थोरला भाऊ राहतो. त्याने गेल्या वर्षी गच्चीवर सौर पॅनल बसवले. खाणकामगाराच्या घरावर सौर पॅनल, मला मोठी गंमत वाटली. वहिनीला वाटली नाही. कोळशाचे ट्रक दिवसरात्र घरासमोरून जातात. चार दिवस फडकं मारलं नाही तर काचेवर काळी साय धरते आणि मीटरचा आकडा उतरतो.

"भाऊजी, तुमच्या पुण्याचे एसी चालावे म्हणून ट्रक धावतात," वहिनी म्हणाली, "अन् काच पुसायची आम्ही."

मग माझ्या हातात बादली दिली. नळाला पाणी तासभरच असतं, तेवढ्यात अर्धे पॅनल झाले. उरलेले संध्याकाळी भावाने पुसले.