गाभाऱ्यातला भडका

वैशाखाच्या कृष्णपक्षात, उत्तररात्री, गावाच्या दिव्यांपासून दूर एखाद्या माळावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं. विंचवाची वाकडी नांगी, म्हणजे आपलं मूळ नक्षत्र, चटकन ओळखू येतं. तिच्या थोडं वर, डावीकडे, धनू राशीच्या वेशीवर आकाशगंगेचा पट्टा सर्वांत रुंद आणि दाट होतो. डोळ्यांना तिथे वेगळं असं काही दिसत नाही. पण आकाशगंगेचा गाभारा तिथेच आहे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, आणि त्या गाभाऱ्यात सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. खगोलशास्त्रज्ञ त्याला सॅजिटेरियस ए-स्टार म्हणतात.

आपल्या आणि त्याच्या मधे धूळ इतकी की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी कणांतला जेमतेम एखादा इथवर पोचतो. रेडिओलहरी मात्र तिला जुमानत नाहीत. १९७४ साली बालिक आणि ब्राउन या दोघांना हा बिंदू रेडिओ दुर्बिणींनीच सापडला, आणि पुढे नारायणगावजवळच्या खोडदच्या अँटेनांनीही त्याच्या लहरी टिपल्या. जास्त ऊर्जेचे क्ष-किरणही धुळीतून पार होतात. त्यांना अडवते ती आपली हवा. हवेने ते अडवले म्हणून तर पृथ्वीवर जीव तगला. तेव्हा ते पाहायचे तर हवेच्या बाहेरच जायला हवं.

जुलै १९९९ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची चंद्रा वेधशाळा अवकाशात गेली. तिची कक्षा लांबुळकी आहे. एका फेरीला सुमारे ६४ तास लागतात आणि पृथ्वीपासून सर्वांत दूर असताना ती चंद्राच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी पलीकडे असते. एवढं लांब जायचं ते पृथ्वीभोवतीच्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्यांबाहेर राहून तासन्‌तास एकाच ठिकाणी नजर लावता यावी म्हणून. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडला तर त्यात शिरून जिरतो. तळ्याच्या पाण्याला चपटा दगड जसा निसटता लागून पुढे उडतो, तसा अगदी तिरका लागला तरच तो वळतो. म्हणून चंद्राचे इरिडियमचा मुलामा दिलेले आरसे नळकांड्यांसारखे एकात एक बसवलेले आहेत.

या आरशांनी गोळा केलेला उजेड किती, हे मला पुन्हा पुन्हा थक्क करतं. कृष्णविवर शांत असताना चंद्राच्या कॅमेऱ्यात त्याच्या दिशेने साधारण तीन मिनिटांत एक कण येतो. एकच. कॅमेरा सव्वातीन सेकंदांनी एकेक चौकट वाचतो; बहुतेक चौकटींत त्या जागी काहीच नसतं, मग एखादीत एक ठिपका, त्याची वेळ आणि त्याची ऊर्जा. मग पुन्हा रिकाम्या चौकटी. गाभाऱ्याबद्दल आपण जे जाणतो त्यातलं कितीतरी अशा एकेका ठिपक्यावर उभं आहे.

२००० सालच्या ऑक्टोबरात, २६-२७ तारखेच्या वेधांत, हे ठिपके एकाएकी दाटले. कृष्णविवराचं क्ष-किरणांतलं तेज सुमारे ४५ पट झालं, आणि तीन तासांच्या आत सगळं पूर्ववत. मिनिटांमागे येणारे कण चढत्या वेळी चार-चार सेकंदांवर येत होते. त्या वेधांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक घसरण: सुमारे दहा मिनिटांत तेज एकदम खाली आलं. कोणताही भडका प्रकाशाला त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला लागणाऱ्या वेळाहून लवकर विझत नाही. म्हणजे ती जळती जागा फार तर दहा प्रकाश-मिनिटांची, पृथ्वी-सूर्य अंतराहून थोडीच मोठी. २६ हजार प्रकाशवर्षांवरची एवढीशी जागा कोणत्याही चित्राशिवाय, निव्वळ कणांच्या वेळा मांडून मापली गेली.

आणि भडका नसताना? ४३ लाख सूर्यांचं वजन, पण शांतपणी क्ष-किरणांतला उजेड आपल्या एकट्या सूर्याच्या एकूण तेजाहूनही कमी. भोवतीच्या थोर ताऱ्यांच्या वाऱ्यांतून वायू त्याच्याकडे येतो, पण बहुतेक परत बाहेर फेकला जातो. आत पडतो तो चिमूटभर. इतकं सामर्थ्य आणि इतका संयम मला तरी दुसरीकडे कुठे आढळलेला नाही.

२०१२ मध्ये चंद्राने ३० लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ पस्तीस दिवसांचे वेध घेतले आणि त्यांत ३९ भडके मिळाले. दिवसाला साधारण एक. १४ सप्टेंबर २०१३ चा तर ४०० पट होता. त्यांचं कारण अजून वादाचं आहे. काहींच्या मते लघुग्रह चुरगळून आत पडतात. बहुतेकांचा कल चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जाण्याकडे आहे, ज्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ फेकले जातात. मला दुसरं अधिक पटतं. २०१८ साली चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून अवरक्त भडके पाहिले गेले, तेव्हा भडक्याचा तप्त ठिपका पाऊण तासाच्या आसपास कृष्णविवराला एक फेरी घालताना आढळला. वेग प्रकाशाच्या सुमारे ३० टक्के.

पण हे कृष्णविवर नेहमीच इतकं मितभुक नव्हतं. त्याच्यापासून काही शे प्रकाशवर्षांवर वायूचे प्रचंड ढग आहेत आणि त्यांतले काही क्ष-किरणांत चमकतात. ही चमक त्यांची स्वतःची नाही. कृष्णविवराजवळून निघालेला जुना उजेड आधी ढगांवर पडला आणि तिथून वळसा घेऊन उशिरा आपल्याकडे येतो आहे. २०२३ मध्ये आयएक्सपीई या उपग्रहाने या किरणांचं ध्रुवीकरण मोजलं. त्यांच्या उगमाची दिशा गाभाऱ्याकडेच निघाली आणि काळ निघाला सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा कृष्णविवर आजच्या जवळजवळ दहा लाख पट तेजस्वी होतं. सरळ निघालेला तो उजेड पृथ्वीवरून गेला तेव्हा आपल्याकडे पेशवाई मावळून काही वर्षंच झाली असावीत. क्ष-किरण नावाचं काही असतं हे राँटगेनला कळलं ते १८९५ साली. सॅजिटेरियस बी-२ या ढगावरची ती उधारीची चमक २००० नंतर उतरत गेली आहे. इतर काही ढग अजून उजळलेले आहेत, आणि त्यांच्यावरून तो उजेड पुढे सरकताना वर्षागणिक मोजला जातो आहे.