घोडनदीहून, भीमेकाठून

शिरूर, ९ जुलै

तीर्थरूप आईस,


काल संध्याकाळी एसटीने सुखरूप पोचले. इथली जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. पाऊस पडून गेलाय, बांधाच्या डबक्यांतून रात्रभर बेडूक ओरडत होते.

निघताना तू विचारलंस, बेडकांना रंग फासायला एवढ्या लांब कशाला? अगं, रंग बेडकाला लावतच नाही. हातमोजे घालून त्याला धरायचं, पोटावरून, मांड्यांवरून आणि बोटांमधल्या पडद्यावरून कापसाची काडी हलकेच फिरवायची. कात सुटत असेल तर तिचा तुकडा घ्यायचा आणि त्याला होता तिथेच सोडायचं. दर बेडकाला नवे मोजे. रंग लावायचा तो त्या कातेच्या तुकड्याला.

आणि तो रंग तुझ्या ओळखीचाच म्हणायचा. कपड्यांच्या पावडरीत पांढऱ्या कापडाला झळाळी आणणारं द्रव्य असतं ना, त्याच घराण्यातला, मूळचा कापडधंद्यातलाच. कॅल्कोफ्लोर व्हाइट. तो काइटिनला घट्ट धरतो. बेडकांच्या कातडीवर मी जी शोधते त्या बुरशीच्या पेशीला काइटिनची भिंत असते, बेडकाच्या कातडीतल्या पेशींना भिंतच नसते. निघण्याआधी रोगट कातडीची एक जुनी स्लाइड पाहिली. साध्या उजेडात नुसता धुरकट पापुद्रा. अतिनील दिवा लावला आणि काळोखात निळ्या कड्या उमटल्या, काहींना मडक्यासारखी चिमुकली मान. त्या मानेतूनच बुरशीचे बीजाणू पाण्यात सुटतात. बऱ्याच कड्या आतून रिकाम्या होत्या, म्हणजे बीजाणू केव्हाच निघून गेले होते. मला बराच वेळ तिथून उठवेना.

टाकळी हाजी, ११ जुलै

आई, आज कुकडीच्या रांजणखळग्यांवर होते. पलीकडच्या काठाला निघोज. खडकातल्या एकेका कुंडात पाणी साचलेलं, कडेला बेडूक नाकपुड्या वर काढून बसलेले. हात पुढे केला की पाण्यावरून टपटप उड्या मारत पळतात.

या बुरशीचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं कायट्रिड म्हणतो. बेडूक कातडीतूनच पाणी पितो, थोडाफार श्वासही घेतो. कातडी बिघडली की रक्तातलं सोडियम, पोटॅशियम उतरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांवरून हा रोग उजेडात आला. २०१९ च्या जागतिक आढाव्यात त्यामुळे घटलेल्या ५०१ जाती मोजल्या, त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं गेलं.

आपल्याकडे? २०१३ मध्ये नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या तीन जातींच्या बेडकांवर तो असल्याचं दाखवलं. ओढ्यात राहणाऱ्या एका जातीच्या कातडीवर व्रण होते, ती तपकिरी पडून सोलवटत होती. उरलेल्या दोन जाती वरून धडधाकट दिसत होत्या. मला धास्ती आहे ती या धडधाकट दिसण्याचीच. तिथला वाण आशियातलाच निघाला. आपले बेडूक त्याला सरावलेले असतीलही, पण तपासल्याशिवाय तसं मानून बसणं मला पटत नाही.

रंगाची मर्यादाही सांगते. काइटिन असलेली कुठलीही बुरशी निळी दिसते, तेव्हा आकार ओळखावा लागतो. पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूला भिंतच नसते, त्यामुळे तो या रंगाला सापडत नाही. म्हणून काड्या जनुकीय तपासणीला जातात.

दौंड, १४ जुलै

आई, आज भीमेच्या काठावर आहे. गाडीला अजून दोन तास आहेत. उसाच्या पाटात पिवळेधमक बेडूक डरावताना पाहिले. याच जातीचे पाय एकेकाळी परदेशी ताटांत जायचे. १९८७ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली, हे फार चांगलं झालं. बेडकांच्या व्यापारानेच ही बुरशी जगभर पोचली असं मानतात.

इथले एकजण म्हणाले, ‘आमच्याकडं उन्हाळ्यात चाळीसच्या वर जातं, काय जगंल ती बुरशी!’ त्यांचं निम्मं खरं आहे. २८ अंशांच्या वर तिची वाढ थांबते. पण विहिरीचं पाणी गारच असतं, पावसाळी रात्रीही गार. शिवाय या नद्या सह्याद्रीतून येतात: भीमा भीमाशंकरहून, पुण्याची मुळा-मुठा तिला रांजणगाव सांडसला मिळते. म्हणून केवळ घाटातले बेडूक तपासून भागायचं नाही. माझ्या काड्यांचा निकाल यायचाय, आला की कळवीन.

दादाला एवढं सांग. आंबोलीहून आला की बुटांचा चिखल तिथेच धुऊन टाकायचा आणि बूट कडकडीत वाळवल्याशिवाय आपल्या विहिरीवर जायचं नाही. ही बुरशी कोरडेपणात मरते. आणि पोरांनी एका डबक्यातला बेडूक दुसऱ्या डबक्यात नेऊन सोडायचा नाही.

तुझी लेक