सही केली, मग बंधन का नको?

राजुऱ्यात अभ्यासवर्गात मानवी हक्कांचा विषय निघाला की तरुण मित्र हमखास विचारतात, "सर, जिनिव्हातल्या कराराचा आपल्या तालुक्याशी काय संबंध?" मी बाबासाहेबांपासून सुरुवात करतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन दिल्याचे कळताच 1946 मध्ये त्यांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही त्या दारात नेता येईल, हा विचार त्यामागे होता.

मानवी हक्कांचा करार सरकारवर तीन जबाबदाऱ्या टाकतो. सरकारने स्वतः हक्क तुडवू नयेत. दुसरा कोणी तुडवत असेल तर त्याला अडवावे. आणि हक्क प्रत्यक्षात मिळतील यासाठी कायदे व यंत्रणा उभी करावी.

आता आपल्या सरकारचा हिशेब पाहू. छळविरोधी करारावर भारताने 14 ऑक्टोबर 1997 रोजी सही केली, पण अनुसमर्थन आजवर केलेले नाही. करार आपल्यावर बंधनकारक आहे अशी अंतिम मान्यता म्हणजे अनुसमर्थन. ते झाले तर छळ हा स्वतंत्र गुन्हा करावा लागेल, तक्रारीची तत्काळ व निःपक्ष चौकशी करावी लागेल, पीडिताला भरपाई द्यावी लागेल. 'वरून आदेश होता' ही सबब चालणार नाही. युद्ध किंवा अंतर्गत अशांतता हे कारणही चालणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

1972 मध्ये देसाईगंज आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात होते. तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा तर्क होता. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा 1983 मध्ये कायदा बदलला. म्हणजे ठाण्याच्या भिंतीआडची सत्ता लोकांनी रेटल्याशिवाय कायद्याच्या कक्षेत येत नाही.

छळ प्रतिबंधक विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत अडकून पुढे रद्द झाले. 2017 मध्ये विधी आयोगाने अनुसमर्थनाची शिफारस करून नवा मसुदाही दिला. अडचण मसुद्याची नाही, इच्छाशक्तीची आहे.

जिल्ह्यातल्या एका ठाण्याबाहेर मी रात्रभर एका मजूर कुटुंबासोबत बसलो आहे. मुलाला कशासाठी आणले, हे त्यांना कोणी सांगत नव्हते. म्हणून मित्रांनो, डी. के. बसू निकालातील 1996 चे नियम पाठ करा: अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा: सही करून इतकी वर्षे झाली, अनुसमर्थन कधी?

जय भीम!