मारिओ आणि माळीवाडा

एसटीच्या कंट्रोलरला निवृत्तीनंतर दोन खोडी उरतात. एक म्हणजे बोलण्यापूर्वी समोर माईक असल्यासारखं 'फू फू' करण्याची, आणि दुसरी म्हणजे जगातल्या कुठल्याही गोष्टीला किती वेळ लागला ते मनातल्या मनात मोजण्याची. पस्तीस वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. गाडी कधी आली, कधी सुटली, मधल्या वेळात कंडक्टरनं नुसता चहा घेतला की भजीपण हाणली, हे मला खिडकीतून न बघता कळायचं. आता गाड्या नाहीत, तेव्हा घरातल्या माणसांवर भागवतो. आमच्या हिची पोळी तव्यावर पडल्यापासून उतरेपर्यंत बेचाळीस सेकंद घेते, हे मी एकदा कौतुकानं तिला सांगितलं. त्या दिवशी मी भात खाल्ला.

सांगायचा मुद्दा असा, की माझ्या या विद्येची घरात कुणाला किंमत नव्हती. ती एकदम वधारली यंदाच्या मे महिन्यात, आणि तीही मारिओ नावाच्या एका मिशीवाल्या प्लंबरमुळे.

नातू सुटीला आला होता. येताना चिरंजीवांनी फोनवर मला लेखी वाटावी अशी तोंडी ऑर्डर दिली होती. पोरगं यंदा दहावीला. मोबाईल बंद, कॉम्प्युटर बंद, संध्याकाळी क्रिकेट चालेल, सकाळी एक तास बीजगणित. चिरंजीव स्वतः हिंजवडीला दिवसातले दहा तास पडद्यासमोर बसतात, त्यामुळे पडद्याचे तोटे त्यांना चांगले ठाऊक आहेत.

तिसऱ्या दिवशी हिनं नातवाला वाळवणाचे प्लॅस्टिकचे कागद आणायला माळ्यावर चढवलं. कागद काही खाली आले नाहीत. 'आजोबा, या ट्रंकेला कुलूप का आहे?' असा प्रश्न तेवढा खाली आला. किल्ली माझ्या जानव्याला नसली तरी कपाटातल्या डब्यात होतीच. ट्रंक उघडली आणि पोरगं भुईकोट किल्ल्यात निजामशाहीचा हंडा सापडावा तसं ओरडलं. आत टीव्ही गेमचा सेट होता, दोन रिमोट होते आणि पिवळी कॅसेट होती. कॅसेटवर '९९९९९९ गेम्स' असं लिहिलेलं. खरे गेम त्यात सहा, बाकीचे सहाआकडी लोक त्यांचेच भाऊबंद.

हा सेट मी १९९५ साली घेतला, चिरंजीव आठवीत पहिले आले म्हणून. पुढं ते दहावीत गेले तेव्हा, म्हणजे १९९६ च्या जूनमध्ये, तो ट्रंकेत ठेवला. मार्च ९७ च्या परीक्षेत त्यांना एक्क्याऐंशी टक्के पडले. ट्रंकेचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

'आजोबा, बाबांच्या लिस्टमध्ये हा आहे का?'

मी ऑर्डर आठवून पाहिली. मोबाईल होता, कॉम्प्युटर होता. टीव्ही गेम नव्हता. ज्याची मनाई लिहिलेली नाही ते चालू समजावं, हा नोकरीतला जुना संकेत मी त्याला समजावून सांगितला.

मला वाटलं होतं, पोरगं खेळेल. पण हल्लीची मुलं खेळत नाहीत, प्रोजेक्ट करतात. याला करायचा होता 'स्पीडरन'. म्हणजे गेम नुसता जिंकायचा नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीत कमी वेळात न्यायचा. म्हणजे विनाथांबा, असं मी माझ्या भाषेत समजून घेतलं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जपानमध्ये १९८५ च्या सप्टेंबरात आलेला गेम. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी तो रचला. आठ लोक, प्रत्येक लोकात चार पातळ्या, अशा बत्तीस. आणि हे सगळं बसवलं अवघ्या ४० किलोबाइटच्या कॅसेटीत. म्हणून, नातू म्हणाला, आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. हे ऐकून आमची ही प्रथमच टीव्हीकडे आदरानं बघती झाली. जुन्या साडीतून गोधडी, उशांचे अभ्रे आणि पायपुसणं काढणाऱ्या बाईला जपानी माणसाचं हे कर्तृत्व पटकन कळलं.

मला कौतुक मारिओचं. आम्ही राहतो सावेडीत, पाइपलाइन रोडला. पण बोलावल्याबरोबर येणारा आणि नळात स्वतः उतरणारा प्लंबर मी आयुष्यात फक्त पडद्यावरच पाहिला.

आता एवढ्या बत्तीस पातळ्या पळत जायच्या तरी किती वेळ लागायचा? तर नाही. बायपास आहे. १-१ करायची, १-२ मध्ये छतावरून जाऊन नळात शिरलं की थेट चौथा लोक. ४-१ करायची, ४-२ मधून पुन्हा नळ, की थेट आठवा. तिथल्या मात्र चारही कराव्या लागतात. बत्तिसातल्या आठच. निफ्टस्की असं टोपणनाव घेतलेल्या एका अमेरिकन पोरानं २०२१ मध्ये हा प्रवास पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत आणला. तेव्हापासून जगभरचे लोक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांसाठी झुंजताहेत. आमच्या स्टँडवर याच कामासाठी एक खास शब्द होता, 'अंदाजे'.

'आपण किती धरायचे?' मी विचारलं.

'सात मिनिटं.'

'आणि तो पाचाच्या आत?'

यावर त्यानं मला जे सांगितलं, ते मी तीन जणांना सांगितलं आणि तिघांनाही पटलं नाही. जपान-अमेरिकेतल्या टीव्हीचं चित्र सेकंदाला साठदा बदलायचं, आपल्याकडच्या पद्धतीत पन्नासदा. आमचा सेट आपल्याकडच्या टीव्हीसाठी केलेला, त्यामुळे साठ चित्रांत टाकायचं पाऊल इथं पन्नासाच्या चालीनं पडतं. म्हणजे तिकडे ४ मिनिटं ५५ सेकंद लागणारा माणूस आमच्या घरी यायला ५ मिनिटं ५४ सेकंद घेणार. नगरच्या हद्दीत शिरल्यावर प्रत्येक जण थोडा सैलावतो, हे मी नोकरीत पाहिलं होतं. पण जपानी मारिओसुद्धा सुटत नाही हे ऐकून गावाबद्दल अभिमान वाटला. (गावाचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या; बोलताना अजून जीभ जुन्या थांब्यावर उतरते.)

नव्या चपट्या टीव्हीवर बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडतो म्हणून जुना पेटी टीव्ही हवा होता. तो होताच. त्याच्यावर फुलदाणी होती, ती हलवली.

आणि मग नातवानं ती गोष्ट सांगितली, जिच्यामुळे मी रात्री अकराला जुनी जाबदा वही आणि लाल-निळी पेन्सिल काढून बसलो. म्हणाला, 'आजोबा, हे जरा अवघड आहे. पातळी संपली की गेम लगेच पुढं सोडत नाही. दर २१ चित्रांनी एकदाच बघतो, संपली का? संपली असेल तर सोडतो. नसेल तर पुन्हा २१ चित्रं थांबा. त्यामुळे थोडंसं लवकर पोचून काही फायदा नसतो आणि थोडासा उशीर झाला तरी कधीकधी नुकसान होत नाही.'

'यात अवघड काय?' मी म्हणालो. 'पुण्याला दर अर्ध्या तासाला गाडी आहे. तू स्टँडवर दहा पाचला आलास काय अन् दहा पंचवीसला आलास काय, बसणार साडेदहाच्याच गाडीत. दहा एकतीसला आलास की अकरापर्यंत बाकावर.'

पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. 'हे तुम्ही कुठं वाचलंत?'

वाचायचं काय त्यात! १ जून १९४८ ला या महाराष्ट्रातली पहिली एसटी धावली ती पुणे आणि नगर यांच्यामध्ये. आमच्या गावाला वेळापत्रक हे दुधातून मिळालंय. शिवाय, साडेदहाची गाडी चुकलेला माणूस कंट्रोलरला काय काय बोलतो, ते ऐकून कुणालाही २१ चित्रांचा हिशेब आला असता. मूळ यंत्रावर ही 'गाडी' दर ०.३५ सेकंदाला सुटते, आमच्या सेटवर ०.४२ ला. शेवटची ८-४ तेवढी या नियमात नाही. तिथं राक्षसामागच्या कुऱ्हाडीला हात लागला की घड्याळ बंद. म्हणजे फाट्यावर उतरून घरापर्यंत पायी. तिथं जितके पाय उचलाल तितका फायदा.

मी वहीत रकाने पाडले. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. शेऱ्यात लिहिलं : '८-३, वाटेत हातोडेवाले, जोडीनं उभे असतात.' 'झेंड्याच्या पाचही पातळ्या, फटाके टाळणे.' हे फटाक्यांचं प्रकरणही गमतीचं आहे. झेंड्याला हात लावताना घड्याळाचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असला तर गेम खूश होऊन तितके फटाके उडवतो, आणि ते उडून संपेपर्यंत तुम्ही थांबायचं. सत्कारात वेळ जातो हे मला सांगायला नको. आमच्या डेपोत निवृत्तीचे नारळ मी बरेच पाहिलेत.

हिला मात्र एक गोष्ट शेवटपर्यंत सोसली नाही. मारिओ वाटेतल्या नाण्यांना हात लावत नव्हता. 'अरे, पडलंय तिथं ते! घे ना!' ती कुरडयांचा चीक घाटता घाटता ओरडायची. नातू सांगायचा, नाण्यासाठी उडी मारली की वेळ जातो. 'लक्ष्मी ओलांडून पळतोय मेला,' असं म्हणून ती घाटणं जोरात फिरवायची. खरं सांगायचं तर मलाही जड जात होतं. शंभर नाण्यांना एक जीव मिळतो, आणि मध्यमवर्गीय माणसाला एक जीव शिलकीत असलेला बरा.

दोन आठवड्यांत १२ मिनिटांवरून आम्ही ७ मिनिटं २० सेकंदांवर आलो आणि तिथं रुतलो. अडलं ४-२ पाशी. तिथं रीतसर रस्ता असा की एका विटेतून वेल निघते, तिच्यावर चढून वर जायचं. त्यात वेळ मोडतो. दुसरा रस्ता आडवाटेचा. पुढच्या एका नळातून खरं तर नाण्यांच्या खोलीत जातात; पण तो नळ कुठं जातो हे गेम ठरवतो पडदा किती सरकला त्यावरून. मारिओला पडद्यावर नेहमीपेक्षा थोडा पुढं सरकवला, तर पडदा पुरता सरकायच्या आत तो नळावर पोचतो आणि आत शिरल्यावर निघतो वेलीच्या वाटेला.

'म्हणजे,' मी म्हणालो, 'श्रीगोंद्याहून आलेली गाडी जामखेडला जायची आहे, पण कंडक्टरनं पाटी अजून बदललेली नाही. पाटी बदलायच्या आत चढायचं.'

'हां! तेच!' पोरगं म्हणालं. पण कळणं वेगळं आणि चढणं वेगळं. दहातून एकदा जमायचं.

शनिवारी संध्याकाळी चिरंजीव आले. नातवानं घाईत सेट बंद केला नाही, कारण मी 'राहू दे' म्हणालो होतो. चिरंजीव चपला काढता काढता दारातच थांबले. पिवळ्या कॅसेटीकडे बघत होते.

'बाबा, हा कुठं होता?'

'ट्रंकेत.'

'इतकी वर्षं?'

'हो.'

पुढं काही बोलले नाहीत. पाय धुऊन आले, चहा घेतला, पुण्याच्या पाण्याबद्दल आईशी बोलले. मी पेपर वाचत होतो. एकाच पानावर अकरा मिनिटं होतो. पलीकडे पोरगं पुन्हा ४-२ मध्ये आलं आणि पुन्हा नाण्यांच्या खोलीत जाऊन पडलं.

'वेलीवरनं जा की,' चिरंजीव कपातूनच म्हणाले. 'ती वीट, ती. अजून मागं.'

'वेल स्लो आहे, बाबा. पाटी बदलायच्या आत चढायचं असतं.'

'काय बदलायच्या आत?'

मग त्यानं बापाला श्रीगोंदा-जामखेड सगळं समजावलं. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.

दहा मिनिटांनी दुसरा रिमोट जोडलेला होता. जेवायला हाका मारून हिचा आवाज बसला. रात्री साडेबाराला ७ मिनिटं ४ सेकंद झाले, आणि बीजगणितवाले बापलेक सतरंजीवर बसून '८-४ मध्ये पाण्यातून वर यायला चार सेकंद फुकट गेले' यावर भांडत होते. मी वहीत नोंद केली आणि झोपायला गेलो.

सात मिनिटांच्या आत काही आम्ही गेलो नाही. रविवारी दुपारच्या गाडीनं दोघं निघाले. सेट बरोबर न्या म्हटलं, तर चिरंजीव म्हणाले, 'नको, इथंच राहू दे. दिवाळीत येतो.' मग पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेले आणि परत वळले.

'बाबा, ट्रंकेची किल्ली द्या.'

दिली. खिशात घातली आणि पुण्याला घेऊन गेले. ट्रंक आता नुसती कडी लावून असते. हिनं तिच्यात कुरडयांचे डबे भरलेत.